ताकद नेमकी कुठे अडते? स्नायूंची दुर्बलता आणि निदानाची वाट पाहण्याचे दिवस

मराठीत ‘अशक्तपणा’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. तापातून उठल्यावर अंगात त्राण नसते तो अशक्तपणा, रक्त कमी असल्यामुळे जिना चढताना धाप लागते तोही अशक्तपणा, झोप पुरी न झाल्यामुळे दिवसभर अंग जड वाटते त्यालाही आपण तेच म्हणतो, आणि हातात धरलेला तांब्या खरोखरच निसटतो तेव्हाही दुसरा शब्द सापडत नाही. न्यूरॉलॉजिस्टकडच्या पहिल्या भेटीतला बराचसा वेळ या एका शब्दातले निरनिराळे अर्थ वेगळे करण्यातच जातो. रुग्णाला वाटते की डॉक्टर तेच तेच विचारत आहेत. प्रत्यक्षात निदानाची निम्मी वाट तिथेच चालून होत असते.

थकलेल्या माणसाला काम नकोसे वाटते, पण वेळच आली तर तो ते करू शकतो. ज्याच्या स्नायूंची ताकद गेली आहे त्याला काम करायचे असते, तो ते करायला जातो आणि ते होत नाही. डॉक्टर हात दाबून, पाय ढकलून पाहतात तेव्हा ते हाच फरक मोजत असतात. त्यासाठी 0 ते 5 अशी एक मोजपट्टी जगभर वापरली जाते. पूर्ण ताकद म्हणजे 5, स्नायूची काहीच हालचाल नाही म्हणजे 0, आणि गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हात किंवा पाय उचलता येतो पण त्यावर थोडाही दाब दिला की टिकत नाही, म्हणजे 3. केसपेपरवर कोपऱ्यात लिहिलेला ‘4/5’ हा आकडा पाहून अनेकांच्या काळजात धस्स होते. पण पुढच्या भेटीत तुलना करता यावी म्हणून केलेली ती नोंद असते. आजार किती गंभीर आहे, हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

माझ्या मावशीच्या बाबतीत ही गोष्ट देवघरासमोर पहिल्यांदा लक्षात आली. पूजा आटोपून पाटावरून उठताना तिने आधी डावा तळहात जमिनीवर टेकला, मग उजवा तळहात गुडघ्यावर ठेवला आणि स्वतःच्याच मांडीवर हात चढवत चढवत ती उभी राहिली. ‘गुडघे धरलेत’ असे ती म्हणाली आणि आम्ही सर्वांनी ते मान्य केले, कारण वय पंचावन्न होते आणि गुडघे धरणे ही आपल्या घरांत नेहमीची बाब आहे. गुडघा मात्र दुखत नव्हता. अशा तऱ्हेने स्वतःच्या अंगाचा आधार घेत उठण्याचे वर्णन इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी 1879 मध्ये केले होते आणि आजही ती खूण त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मांड्या आणि नितंबांचे स्नायू दुबळे झाले की माणूस, लहान असो वा मोठा, असाच उठतो. पुढचे पाच महिने आम्ही वाट पाहण्यात काढले. त्या काळात जे समजले, ते आधी माहीत असते तर निदान थोडे लवकर झाले असते, निदान मनाची घालमेल तरी कमी झाली असती, म्हणून हे लिहीत आहे.

निदानाला वेळ का लागतो हे कळण्यासाठी ठिबक सिंचनाचे शेत डोळ्यांसमोर आणावे. विहिरीवर मोटर असते, तिथून मुख्य पाइप निघतो, त्याला उपनळ्या जोडलेल्या असतात, प्रत्येक झाडापाशी एक ड्रिपर असतो आणि शेवटी झाड. आपल्या शरीरात मोटरच्या जागी मेंदू आहे, मुख्य पाइपच्या जागी मणक्यांतून जाणारा मज्जारज्जू, उपनळ्यांच्या जागी मज्जातंतू, ज्यांना आपण बोलताना नसा म्हणतो, ड्रिपरच्या जागी मज्जातंतू आणि स्नायू यांचा सांधा, आणि झाडाच्या जागी स्नायू. बिघाड कुठेही झाला तरी सुकताना दिसते ते झाडच. म्हणून ‘हा कोणता आजार आहे’ या प्रश्नाआधी डॉक्टरांना ‘बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे’ हे शोधावे लागते. अनुभवी शेतकरी कोणत्या ओळीतली कोणती झाडे आधी सुकली यावरून अडचण कुठे आहे ते ओळखतो, तसेच डॉक्टर कोणते स्नायू आधी दुबळे झाले यावरून अंदाज बांधतात.

बिघाड स्नायूंतच असेल तर बहुधा धडाजवळचे मोठे स्नायू आधी कमजोर होतात आणि दोन्ही बाजूंना साधारण सारखेच होतात. मांडी घालून बसल्यावर उठता येत नाही, भारतीय पद्धतीच्या शौचालयात नळाचा आधार घ्यावा लागतो, एसटीची पहिली उंच पायरी चढताना मागच्या माणसाला हात द्यावा लागतो, फळीवरचा डबा काढताना किंवा वेणी घालताना हात वर टिकत नाहीत. पण लिहिता येते, सुईत दोरा ओवता येतो. नसांचा आजार असेल तर बहुधा उलटे घडते. सर्वांत लांब नळीच्या टोकाच्या झाडाला पाणी आधी कमी पडते, तशी दुर्बलता पावलांपासून सुरू होते, सोबत बऱ्याचदा मुंग्या किंवा बधिरपणा असतो, आणि हातांपर्यंत ती नंतर पोहोचते. नियमाला अपवाद आहेत. काही स्नायूंचे आजारही पावलांपासून सुरू होतात.

आपल्याकडचे डॉक्टर इथे चपलेचा एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो मला फार सुंदर वाटतो. चालताना चप्पल पायातून निसटते का? निसटत असेल तर ते कळते की नाही? चप्पल निसटते आहे हे कळते, पण बोटांनी ती धरून ठेवता येत नाही, असे असेल तर ताकद कमी झालेली असते. चप्पल मागे राहिली आणि चार पावले पुढे गेल्यावर, जमीन थंड लागली किंवा कोणी हाक मारली म्हणून समजले, असे असेल तर संवेदनाच कमी झालेली असते. एका साध्या प्रश्नाने दोन वेगळ्या वाटा उघडतात. त्यासाठी ना यंत्र लागते, ना सुई.

ड्रिपरच्या पातळीवरच्या बिघाडाचे वैशिष्ट्य म्हणजे चढउतार. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात सकाळी माणूस ठीक असतो, संध्याकाळी पापणी उतरते, एकाचे दोन दिसू लागते, भाकरी चावता चावता जबडा थकतो आणि विश्रांतीनंतर पुन्हा बरे वाटते. दुर्दैवाने डॉक्टरांची भेट बऱ्याचदा सकाळची असते आणि तेव्हा काहीच दिसत नाही. लंडनमधील डॉक्टर मेरी वॉकर यांनी 1934 मध्ये, हा आजार क्युरारे या विषाच्या परिणामासारखा दिसतो या निरीक्षणावरून, त्या विषावर उतारा ठरणारे औषध मायस्थेनियाच्या रुग्णाला देऊन पाहिले आणि ताकद काही काळ परत येते हे दाखवले. आजही त्याच जातीच्या औषधाने उपचाराची सुरुवात होते. मेंदू किंवा मज्जारज्जूतील बिघाडात अंग ढिले पडण्याऐवजी बहुधा ताठर होते, शरीराची एक बाजू किंवा दोन्ही पाय धरले जातात, आणि मज्जारज्जूवर दाब असेल तर लघवी-शौचावरचा ताबाही जाऊ शकतो.

टप्प्याचा असा अंदाज आला की साध्या कारणांची झडती घेतली जाते. ही पायरी रुग्णांना कंटाळवाणी वाटते, पण मला ती सर्वांत मोलाची वाटते, कारण इथे सापडणारी बहुतेक कारणे औषधाने सुधारणारी असतात. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेत हाडे दुखतात, मांड्यांतली ताकद जाते आणि चाल बदकासारखी डुलती होते. थायरॉइड मंदावला की स्नायू सुस्तावतात. रक्तातले पोटॅशियम घसरले तर रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी अंथरुणातून उठू शकत नाही. ब-12 ची कमतरता नसांना आणि मज्जारज्जूला इजा करते आणि शाकाहारी घरांत ती पुष्कळ आढळते. दीर्घकाळचा मधुमेह नसा खराब करतो. कोलेस्टेरॉलसाठी दिली जाणारी स्टॅटिन औषधे काही थोड्या लोकांच्या स्नायूंना सोसत नाहीत. मात्र ती डॉक्टरांना न विचारता परस्पर बंद करू नयेत. सांधेदुखीवर रामबाण म्हणून मिळणाऱ्या बेनामी पुड्यांमध्ये कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते आणि ते महिनोन्‌महिने पोटात गेले तर स्वतःच मांड्यांचे स्नायू झिजवते. अशी पुडी घेत असाल तर संकोच न करता सांगावे. शक्य असेल तर ती पुडीच सोबत न्यावी.

मावशीचा उलगडा इथेच व्हायला हवा होता आणि इथेच तो अडला. तिच्या रक्ततपासणीत एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले आले. हे दोन आकडे यकृताचे म्हणून ओळखले जातात, त्यामुळे दोन महिने यकृतावर उपचार झाले, सोनोग्राफी झाली, घरात तेल-तूप बंद झाले, आणि जिना तर दिवसेंदिवस उंचच होत गेला. हे दोन्ही घटक स्नायूंतही असतात आणि स्नायूपेशी फुटल्या की तेही रक्तात उतरतात, ही गोष्ट तोवर कोणी विचारात घेतली नव्हती. बिलिरुबिन आणि जीजीटी हे यकृताचे इतर आकडे पूर्ण नॉर्मल असताना फक्त हे दोनच आकडे वाढलेले असतील आणि सोबत उठण्याचा त्रास असेल, तर सीपीके, म्हणजे क्रिएटिन कायनेज, ही साधी रक्ततपासणी करायला हवी का, असे डॉक्टरांना जरूर विचारावे. ती साधारण 200 पर्यंत असायला हवी. मावशीची 5,600 आली. एक सावधगिरी मात्र आहे. जिममधला जोरदार व्यायाम, एखादी जबर पडझड किंवा स्नायूत घेतलेले इंजेक्शन यांमुळेही सीपीके वाढते. शिवाय ती नॉर्मल आली म्हणून स्नायूंचे सगळेच आजार बाद होत नाहीत.

यानंतर नसांची आणि स्नायूंची विद्युत तपासणी येते. तिची भीती नावापेक्षाही सांगोवांगीनेच जास्त पसरते. पहिल्या भागात त्वचेवर चिकटपट्ट्या लावून नसेला छोटे छोटे विजेचे झटके देतात आणि संदेश किती वेगाने, किती जोराने पोहोचतो ते मोजतात. हाताचे बोट आपोआप उडते, त्याचे नवल वाटते, पण ते सोसवते. दुसऱ्या भागात बारीक सुई स्नायूत घालून त्याचा विद्युत आवाज ऐकतात. हे थोडे दुखते. त्या दिवशी अंगाला तेल किंवा क्रीम लावू नये, आणि रक्त पातळ करण्याची गोळी किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगावे. पुष्कळांना माहीत नसलेली बाब ही, की नसेला इजा झाल्यानंतर सुईच्या तपासणीत त्याच्या खुणा उमटायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून ‘तपासणी नॉर्मल आली, पण महिन्याने पुन्हा करू’ असे डॉक्टर म्हणतात तेव्हा ते चालढकल करत नसतात. पिकलेले फळ आणि कच्चे फळ यांत काळाचाच तर फरक असतो.

स्नायूचा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायॉप्सी, ही सर्वांनाच लागत नाही. लागलीच, तर सुईची तपासणी एका बाजूला आणि बायॉप्सी दुसऱ्या बाजूला करतात, कारण सुईने झालेली सूक्ष्म इजा आजारासारखी दिसू शकते. त्याआधी स्वतःच्या मनाने किंवा कोणाच्या सल्ल्याने स्टिरॉइड सुरू केले तर स्नायूतली सूज ओसरून नमुना फसवा येऊ शकतो. मावशीच्या बायॉप्सीत स्नायूंची दाहक सूज निघाली, म्हणजे मायोसायटिस, ज्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटते. त्यावर उपचार आहेत आणि ते तिला लागू पडले. ती आता पाटाऐवजी स्टुलावर बसून पूजा करते.

आनुवंशिक आजाराची शंका असेल तर जनुकीय चाचणी होते, तिचा अहवाल यायला अनेक आठवडे लागतात, आणि कधी कधी त्यात ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असे लिहून येते. या वाक्याने घरे हादरलेली मी पाहिली आहेत. जनुकात काहीतरी वेगळे दिसले, पण त्याने आजार होतो की नाही हे आजच्या ज्ञानावरून सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. ते निदान समजून मुलांच्या लग्नाचे निर्णय घेऊ नयेत. आईवडील किंवा भावंडांची तपासणी करून त्या बदलाचा अर्थ पुढे स्पष्ट होऊ शकतो. दुर्मीळ आजार निश्चित झालाच, तर केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरावीक आजारांसाठी आर्थिक मदतीची तरतूद आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यासाठी नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे.

आता त्या भीतीबद्दल, जी रात्री दिवा मालवल्यावर येते. दुर्बलतेची शंका आलेला माणूस मोबाइलवर शोधतो आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीत त्याला मोटर न्यूरॉन डिसीज हे नाव भेटते, म्हणजे स्नायूंना हालवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाण्याचा, अजून बरा न करता येणारा आजार. मग पोटरीतले मांस लवते आहे हे त्याच्या लक्षात येते. डोळा लवणे आपल्याला ठाऊक आहे. तसेच पोटरी, दंड, अंगठ्याचा उंचवटा हे सगळे लवते, आणि जागरण, चहा-कॉफी, व्यायाम व काळजी यांनी ते वाढते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 1993 मध्ये अशा 121 लोकांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यांचे स्नायू लवत होते, पण तपासणीत दुर्बलता नव्हती आणि विद्युत तपासणीही निर्दोष होती. 2 ते 32 वर्षांच्या त्या मागोव्यात एकालाही मोटर न्यूरॉन डिसीज झाला नाही. ताकद शाबूत असताना केवळ लवणे म्हणजे तो आजार नव्हे, हे मनावर ठसवून घ्यावे. त्याचबरोबर एक हात हळूहळू बारीक होत असेल, बोलणे जड होत असेल किंवा पाऊल लटकत असेल, तर त्या भीतीपोटी तपासणी टाळू नये. ज्याची भीती वाटते त्या आजाराशिवाय याच लक्षणांमागे मानेतली दबलेली नस किंवा उपचाराने सुधारणारे नसांचे काही विकारही असू शकतात.

काळजीचा आणखी एक सापळा मी फार जवळून पाहिला आहे. माणूस दिवसातून वीस वेळा मूठ आवळून, टाचांवर उभा राहून, जिना चढून स्वतःची परीक्षा घेतो. विसाव्या वेळी कोणाचाही स्नायू दमतो, आणि तो दम म्हणजे आजार वाढल्याचा पुरावा वाटतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, त्याच खुर्चीवरून, हातांचा आधार न घेता 30 सेकंदांत किती वेळा उठता येते ते मोजून वहीत लिहावे आणि मग वही सात दिवस मिटून ठेवावी. संध्याकाळी पापणी उतरत असेल तर त्याच वेळी मोबाइलवर छायाचित्र काढावे. जमिनीवरून उठतानाचा छोटा व्हिडिओ घरच्यांनी काढावा. ‘खूप अशक्तपणा आहे’ या वाक्यापेक्षा ‘जूनमध्ये खुर्चीवरून नऊ वेळा उठत होते, ऑगस्टमध्ये पाच वेळा’ ही नोंद डॉक्टरांना कितीतरी पुढे घेऊन जाते.

काही वेळा सर्व तपासण्यांती असे दिसते की मोटर, पाइप, नळ्या, ड्रिपर आणि झाड सगळे शाबूत आहे, पण मेंदूकडून हालचालीचा आदेश जाण्याच्या रीतीतच गडबड झाली आहे. याला कार्यात्मक दुर्बलता म्हणतात. ती ढोंग नसते. ज्या पायाला सांगून जोर लावता येत नाही तोच पाय दुसरा पाय उचलताना आपसूक जोर लावतो, ही खूण 1908 मध्ये अमेरिकेतील डॉक्टर चार्ल्स हूवर यांनी नोंदवली आणि आजही निदान तिच्यासारख्या खुणांवरच केले जाते. योग्य फिजिओथेरपीने हे रुग्ण सुधारू शकतात. म्हणून घरच्यांनी ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणणे, माझ्या मते, अज्ञानाचे तर आहेच, शिवाय निर्दयही आहे. ‘एक सलाइन लावून घे, तरतरी येईल’ हा सल्लाही निरुपयोगी आहे; सलाइनने निदान पुढे सरकत नाही.

वाट पाहणे जिथे थांबवावे अशा काही जागा आहेत. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले आणि त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. या आजारात पायांपासून सुरू झालेली दुर्बलता तासा-दिवसांत वर चढते आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकते. वेळेत दाखल केल्यास त्यावर प्रभावी उपचार आहेत. म्हणून दुर्बलता दिवसागणिक वर सरकत असेल, पाणी गिळताना ठसका लागत असेल, उताणे झोपल्यावर दम कोंडत असेल, एका श्वासात वीसपर्यंत मोजता येत नसेल, पायांची ताकद जाताना लघवी अडली असेल, किंवा अचानक तोंड वाकडे होऊन एक हात पडला असेल, तर पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट विसरून त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठावे.

उरलेल्या सर्वांसाठी वाट पाहण्याच्या दिवसांतही करण्यासारखे बरेच आहे. अंथरूण धरू नये. झेपेल तेवढे चालावे, दमण्याआधी थांबावे. न्हाणीघरातली फरशी कोरडी ठेवावी आणि भिंतीला धरायला दांडी बसवून घ्यावी, कारण या काळातली पडझड मूळ आजाराइतकीच महाग पडू शकते. अहवाल तारखेप्रमाणे लावून एकाच फायलीत ठेवावेत. आणि पुढच्या भेटीला ‘मला काय झाले आहे?’ या प्रश्नाचे उत्तर अजून नसेल, तर दुसरा प्रश्न विचारावा: ‘आतापर्यंतच्या तपासण्यांनी काय काय नाही हे नक्की झाले?’ मावशीने हा प्रश्न चौथ्या भेटीत विचारला. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला, सात नावे लिहिली आणि एकेकाचे कारण सांगत त्यांतली पाच पेनाने खोडली. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी सलग झोपली.